काकांचं धुराडं

साउथहॅम्प्टनच्या त्या घरात मी राहायला आले, त्याच्या पहिल्याच रविवारी दुपारी सोफ्यावर पेपर वाचता वाचता माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा माकडटोपी घातलेला एक म्हातारा माझ्या तोंडावर वाकला होता आणि त्याचं बोट माझ्या नाकाखाली होतं. मी किंचाळले. म्हातारा अजिबात दचकला नाही. "चालू आहे," असं स्वतःशीच म्हणाला आणि किचनमध्ये निघून गेला.

"अगं, घाबरू नकोस," काकू आतून ओरडल्या. "ते झोपलेल्या सगळ्यांचाच श्वास बघतात. उद्या पोस्टमन दारात पेंगला तर त्याचाही बघतील."

हे माझे घरमालक. जन्मभर हॉस्पिटलात भूल देण्याचं काम करून रिटायर झालेले. मी त्याच हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट म्हणून लागले होते आणि वरच्या मजल्यावरची पुढची खोली मला भाड्याने मिळाली होती. मी त्यांना काका म्हणायची. ते मला 'भाडेकरू' म्हणायचे, तेही तोंडावर. "भाडेकरू, आंघोळीला इतका वेळ?" "भाडेकरू, गाडी काढ, जरा जाऊन येऊ." त्यांनी स्वतः गाडी चालवणं कधीच सोडून दिलं होतं. कारण विचारलं तर म्हणायचे, "समोरून येणाऱ्याने रात्री काय खाल्लंय, किती झोपलाय, मला काय माहीत? पेशंटला निदान विचारता तरी येतं."

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "झोपवणं कोणालाही जमतं हो. पगार उठवण्याचा मिळतो." हे वाक्य त्यांनी मला ऐकवलं, गॅसवाल्याला ऐकवलं, कौन्सिलच्या कचऱ्याच्या गाडीवरच्या माणसालाही ऐकवलं. तो बिचारा "राइट यू आर, डॉक" म्हणून डबा उचलून गेला.

घर थंडगार होतं. हीटिंगच्या बटणावर त्यांनी पारदर्शक प्लास्टिकची पेटी बसवून तिला कुलूप लावलं होतं. थंडी वाजते म्हटलं की एक स्वेटर आणून देत. तरी वाजते म्हटलं की दुसरा. स्वतः तीन घालून बसत. बॉयलरला, पाण्याच्या पाइपांना, फ्रिजला स्टेथोस्कोप लावून ऐकत आणि मान हलवत. काय ऐकू येतं ते कधी सांगत नसत.

काकूंचे मात्र खरंच हाल होते. त्यांची बोटं थंडीत पांढरीफटक पडायची, टोकापर्यंत रक्तच जायचं नाही. आणि या बाईंचं सगळं सुख त्या बोटांत होतं. पुढच्या खोलीत त्यांची हार्मोनियम होती. शनिवारी चार-सहा मराठी घरांतली मुलं तिथे शिकायला यायची. "आंटी, हा सा आहे की हा आहे?" असं विचारणारी, इथेच जन्मलेली मुलं. ऑक्टोबर उजाडला की शिकवणी बंद पडायची, ती एकदम एप्रिलमध्ये सुरू व्हायची. काकू हार्मोनियमवर शाल घालून ठेवायच्या आणि सहा महिने तिच्याकडे बघायच्याही नाहीत.

पुढच्या खोलीत विटांची जुनी फायरप्लेस होती, आणि तिच्यात एक लाकडावर चालणारा लोखंडी स्टोव्ह बसलेला होता. नुसता बसलेला. काकांचे कोणी सहकारी घर बदलताना तो देऊन गेले होते. तो पेटलेला कोणी पाहिला नव्हता. त्याच्यावर मनी प्लांटची कुंडी होती. काकू रोज त्या कुंडीला पाणी घालायच्या आणि घालता घालता म्हणायच्या, "नशीब बघ, इंग्लंडमध्ये चुलीवर झाड वाढतंय."

त्या वर्षी गणपतीच्या आधी काकूंनी चहाच्या टेबलावर शांतपणे सांगून टाकलं. "दिवाळीपर्यंत हा स्टोव्ह पेटला तर मी इथे. नाही पेटला तर मी हॅरोला, अमृताकडे. आणि हिवाळ्यापुरती नाही. कायमची." अमृता म्हणजे त्यांची मुलगी. तिच्या घरात सेंट्रल हीटिंग होतं आणि त्याला कुलूप नव्हतं.

काका म्हणाले, "पेटवू की. त्यात काय आहे?"

त्यात काय आहे, ते पुढचे तीन-चार महिने मला रोज कळत गेलं.

या घरांची धुराडी शंभर-सव्वाशे वर्षांची. आतून विटांमधला चुना झडून गेलेला. असल्या धुराड्यात थेट स्टोव्हचा धूर सोडला तर तो फटींतून कुठेही जाऊ शकतो. म्हणून वरून, छपरावरून, आत एक लवचीक स्टीलची नळी सोडतात. तिला लायनर म्हणतात. स्टोव्हचा धूर त्या नळीतून वर जातो, संपला विषय. धुराडं साफ करायला आलेल्या माणसाने आत ब्रश घातला, बॅटरी मारली आणि पाच मिनिटांत सांगितलं, लायनर टाकून घ्या.

काकांना ती पाच मिनिटं खटकली. "पेशंटला हातही न लावता ऑपरेशन सांगणारा माणूस आहे हा," ते म्हणाले. "शंभर वर्षं हे धुराडं धूर ओकतंय. याला काय झालंय? मी स्वतः तपासतो."

त्यांच्या तपासणीची पद्धत अशी. आधी धुराड्याच्या भिंतीला खालपासून वरपर्यंत स्टेथोस्कोप लावला. मग माझ्या बेडरूममध्ये येऊन तिथल्या भिंतीला लावला. मी ड्यूटीवरून येऊन नुकती आडवी झाले होते. "चालू दे तुझी झोप," म्हणाले आणि बाहेर जाता जाता माझ्या नाकाखाली बोट धरून गेले.

मग गणपती आले. आरती झाल्यावर काकूंनी धुपाटण्यात निखारे घालून त्यावर ऊद टाकला, आणि काकांना साक्षात्कार झाला. धूर! वासाचा धूर! त्यांनी ते धुपाटणं काकूंच्या हातून जवळजवळ हिसकावून घेतलं, स्टोव्ह बाजूला सरकवून फायरप्लेसमध्ये ठेवलं, तोंडाशी ओला टॉवेल लावला आणि मूठमूठ ऊद त्यावर ओतला. "आता घरभर फिर आणि वास घे," मला हुकूम झाला. "कुठे आला नाही तर धुराडं ठणठणीत." प्रसादाला आलेली मंडळी हातात मोदक घेऊन हे बघत होती. मी भिंती हुंगत जिने चढले. आमच्या घरात खरोखरच कुठे वास नव्हता. काका विजयी मुद्रेने म्हणाले, "बघ. त्या माणसाचं काय ऐकत होतीस?"

तेवढ्यात बेल वाजली. दारात शेजारच्या बाई. ऐंशीच्या घरातल्या, एकट्या राहणाऱ्या, अतिशय सभ्य. त्या म्हणाल्या, तसदीबद्दल क्षमा करा, पण माझ्या बेडरूममधल्या कपड्यांच्या कपाटाला एकदम चर्चचा वास येतो आहे. आणि थोडं धूसरही दिसतंय.

दोन्ही घरांची धुराडी एकाच भिंतीत होती आणि मधल्या विटा कधीच्या पडून गेल्या होत्या. आमचा ऊद वर न जाता थेट बाईंच्या कपाटात गेला होता.

खोलीत हशा पिकला. एकटे काका हसले नाहीत. त्यांनी बाईंना खुर्ची दिली, हातात मोदक ठेवला आणि विचारलं, "तुम्ही कुठे झोपता? पलंग कपाटापासून किती लांब आहे? खिडकी उघडी असते का?" बाईंना वाटलं, परदेशी लोकांत अशीच विचारपूस करत असतील. त्यांनी सगळं सांगितलं. पलंग कपाटाला लागूनच होता आणि खिडकी वर्षानुवर्षं उघडलेली नव्हती.

त्या दिवसापासून 'लायनर कशाला' हा विषय बंद झाला. मला वाटलं, सुटलो. कसलं सुटलो! त्या दिवसापासून 'लायनर कुठला' हा विषय सुरू झाला आणि माझा एकेक शनिवार त्यात जायला लागला.

स्टीलच्या नळीत दोन प्रती असतात. एक साधी, एक भारी. लाकूड जाळणार असाल तर साधी चालते, कोळसा जाळायचा तर भारी घ्यावी, एवढी सोपी गोष्ट. न्यू फॉरेस्टच्या कडेला एक दुकान होतं, तिथल्या माणसाने ती आम्हाला तीन वेळा समजावली. चौथ्या वेळी काकांनी त्याला विचारलं, "या साध्या नळीने आजवर किती माणसं दगावली?"

दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मी दाराकडे.

"एकही नाही, सर, माझ्या माहितीप्रमाणे."

"तुमच्या माहितीप्रमाणे," काका म्हणाले. "आणि भारी नळीने?"

मग व्यास. स्टोव्हचं तोंड ज्या मापाचं, त्याच मापाची नळी घ्यायची, असं दुकानदार म्हणाला. काकांनी कोटाच्या खिशातून एक प्लास्टिकची नळी काढली. भुलीच्या वेळी पेशंटच्या घशात घालतात ती. एक नाही, तीन मापांच्या तीन. काउंटरवर ओळीने मांडून त्यांनी व्याख्यान सुरू केलं. लहान घातली तर काय होतं, मोठी घातली तर काय होतं, वाकली तर काय होतं. मागे एक जोडपं स्टोव्ह घ्यायला उभं होतं. ते हळूच निघून गेलं. दुकानदाराने शेवटी हात टेकले आणि म्हणाला, "सर, तुम्ही सांगाल तसं."

"मी सांगेन तसं?" काका गाडीत मला म्हणाले. "मग हा दुकानात कशाला बसलाय?" ते दुकान बाद.

असं करत करत आम्ही विंचेस्टरपासून पोर्ट्समथपर्यंत सगळे स्टोव्हवाले पालथे घातले. मी हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवरून प्रिंटआउट काढून आणायची, तर त्यांना ते पटायचं नाही. "छापलंय म्हणून खरं का?" प्रत्येक ठिकाणी कोटेशन मागायचं, ते आलं की त्याचा कीस काढायचा. नळीचे किती, टोपीचे किती, नळीभोवती भरायच्या मालाचे किती, मचाणाचे किती. मचाणाला पैसे का? शिडी नाही का तुमच्याकडे? आणि सगळ्यात शेवटी, ज्याची मी श्वास रोखून वाट बघायची, तो प्रस्ताव यायचा.

"तुमच्या माणसांना दुपारचं जेवण आम्ही घालू. साग्रसंगीत. तेवढे मजुरीतून कमी करा."

हे ते अतिशय गंभीरपणे म्हणायचे. फोनवर पलीकडचा माणूस पुन्हा विचारायचा, "पार्डन?" एकाने विचारलं, "जेवण म्हणजे सँडविच का?" काका दुखावले गेले. तोही बाद.

नळी किती लांब लागेल हे मोजायला कुठलाही कंत्राटदार स्वतः येतो. पण काकांना आधी स्वतःचा आकडा हवा होता, म्हणजे आलेला माणूस खोटं बोलतो का ते कळेल. म्हणून ते समोरच्या फुटपाथवर उभे राहून दुर्बिणीने धुराड्याच्या विटांचे थर मोजत बसले. गंमत अशी की त्या धुराड्याच्या बरोबर खाली शेजारच्या बाईंची बेडरूम होती. समोरच्या घरातल्या माणसाने पोलिसांना फोन केला. पोलीस आले तेव्हा काकांनी त्यांनाही दुर्बीण देऊन मोजायला लावलं. दोघांचा आकडा जुळला नाही.

दिवाळी आली. फराळ झाला. स्टोव्हवर मनी प्लांट होता तिथेच होता, चांगला दोन पानांनी वाढलेला.

भाऊबीज झाल्यावर काकूंनी एक सूटकेस भरली आणि मला म्हणाल्या, "सोडशील का गं हॅरोला? पेटीपण न्यायची आहे."

हार्मोनियम न्यायची आहे म्हटल्यावर मला कळायचं ते कळलं. सूटकेस परत येते. हार्मोनियम कोणी चार दिवसांसाठी नेत नाही. आम्ही दोघींनी ती शालीत गुंडाळून मागच्या सीटवर ठेवली आणि तिला पट्टा लावला. काका दारात उभे. हातात दोन कोटेशनं. म्हणाले, "अगं, आता फक्त दोनच उरलीत."

"छान," काकू म्हणाल्या आणि गाडीत बसल्या. मोटरवे लागेपर्यंत त्या मागे वळून पेटीचा पट्टा बघत होत्या. मग म्हणाल्या, "वाईट माणूस असता ना, तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं." आणि पांढरी बोटं मांडीखाली दाबून बाहेर बघत बसल्या.

नंतर काका रोज संध्याकाळी हॅरोला फोन करायचे. मी शेजारीच बसून टोस्ट खात असायची, सगळं ऐकू यायचं. कशी आहेस नाही, काय नाही. एकदम, "भारी प्रतीचा एक माणूस बेझिंगस्टोकला आहे म्हणे." एकदा पलीकडून काकूंचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "तुम्ही असं करा, तुमच्या नळीलाच विचारा जेवलीस का म्हणून. मी ठेवते." आणि खरंच ठेवला. काका रिसीव्हर कानाला लावून तसेच बसून राहिले. मला दया यायला हवी होती. मला राग आला.

"काका," मी म्हणाले, "दोन नळ्यांतली एक निवडा ना. कुठलीही. चिठ्ठ्या टाका."

"भाडेकरू, तुला कळत नाही. साधी पुरेल असं सगळे म्हणतात. पुरेल म्हणजे काय? त्या बाई पलीकडे झोपणार. ही इकडे झोपणार. तू वर झोपणार. धूर दिसतो, पण त्याच्यातला जो विषारी वायू, तो दिसत नाही, त्याला वास नाही. झोपलेला माणूस नुसता झोपूनच राहतो. छान गुलाबी दिसतो. मी पाहिलेत."

"मग भारी घ्या!"

"भारीला पैसे पडतात."

इथे माझं डोकं सटकलं. मी उभी राहिले. टोस्ट कुठे गेला मला आठवत नाही. "काका, पेशंट टेबलवर आहे! पेशंट टेबलवर घेतलाय, निळा पडत चाललाय आणि तुम्ही शेजारी उभे राहून नळ्यांचे भाव विचारताय! थिएटरमध्ये कधी असं केलंत? कोणी केलं असतं तर तुम्ही त्याला काय म्हणाला असतात?"

काकांनी माकडटोपी काढली. टोपीशिवाय ते फार लहान दिसायचे.

"आवाज खाली," म्हणाले आणि वर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी कामाला निघाले तेव्हा ते फोनवर होते. "हो, भारी. हो, वूडच जाळणार आहे. आय नो इट इज नॉट नेसेसरी. मी म्हणतो ना, भारी." मी दारातच थांबले. एकदाचं घोडं गंगेत न्हालं म्हणून मी डोळे मिटले, तोच त्यांचा आवाज आला, "नाऊ, अबाउट लंच."

कंत्राटदाराने जेवण मान्य केलं. बहुधा कंटाळून. काकू नव्हत्या, त्यामुळे सकाळी उठून काकांनी स्वतः पिठलं-भात केला. छपरावरून उतरलेल्या त्या दोन आडदांड माणसांनी डायनिंग टेबलवर बसून, हात धुऊन, काकांच्या देखरेखीखाली ते खाल्लं. एकाने पिठल्याला "लव्हली कस्टर्ड" म्हटलं आणि पुन्हा घेतलं. काका त्यांना वाढता वाढता विचारत होते की नळी आत सोडताना कुठे अडकली का, खरवडली का, आणि खरं सांगा. मीही त्या दिवशी सुट्टी टाकून घरी बसले होते, कारण आत सोडलेल्या नळीत खालून बॅटरी मारायला त्यांना भाडेकरू हवी होती.

मग पुन्हा ऊद. या वेळी स्टोव्हच्या आत. मी खाली धुपाटण्याशी, आणि काका शेजारच्या बाईंच्या बेडरूममध्ये, कपाटात डोकं घालून, त्यांच्या ठेवणीतल्या कोटांमध्ये. बाईंनी मला नंतर सांगितलं, त्यांनी दोनदा चहा विचारला तरी ते कपाटातून बाहेर आले नाहीत. शेवटी आले ते म्हणाले, "मॅडम, नथिंग. फक्त डांबराच्या गोळ्यांचा वास आहे." आणि बाईंच्या पलंगाच्या वर स्वतः आणलेला वायूचा अलार्म लावून आले. आमच्या घरात असे तीन लावले होते. माझ्या खोलीतला दर थोड्या वेळाने हिरवा डोळा मिचकावायचा आणि माझी झोप घालवायचा.

शनिवारी मी हॅरोला गेले. काकू तयारच होत्या. हार्मोनियम उचलताना मात्र थांबल्या. "गाडीत ठेव. पण घरात नेऊ नकोस लगेच. आधी बघते."

दुपारी आम्ही पोचलो. पुढच्या खोलीत पाऊल टाकलं आणि ऊब अंगावर आली. मनी प्लांट खिडकीत गेला होता आणि काचेमागे लाकडं चांगली पेटली होती. काकूंनी कोट काढला. मग कार्डिगन काढलं. मी त्यांना त्या घरात नुसत्या साडीत पहिल्यांदाच बघत होते. त्यांनी दोन्ही हात स्टोव्हसमोर धरले आणि बोटं एकेक करून उघडली-मिटली. हळूहळू टोकं लाल झाली. काका कोपऱ्यात उभे. म्हणाले, "भारी प्रतीची आहे." काकू आरामखुर्चीत बसल्या आणि बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला. प्रवासाचा शीण, आणि इतक्या वर्षांची थंडी.

मीही पुढे सरकले. माझे शनिवार, माझं पेट्रोल, माझी सुट्टी. म्हटलं, निदान दहा मिनिटं तरी शेकून घेऊ. तर काकांनी डायनिंगची खुर्ची आणली आणि ती बरोबर मधे, स्टोव्हकडे पाठ करून, काकूंच्या डोक्याशी ठेवली. बसले. दोन बोटं काकूंच्या मनगटावर ठेवली आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. एवढ्या उस्तवारीने पेटवलेल्या त्या आगीकडे त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही. माझ्या वाट्याला त्यांची पाठ आली. तीन स्वेटरांची. थिएटरमध्ये ते जन्मभर असेच बसले असणार, लोकांच्या डोक्याशी, बाकीचे सगळे आपापलं काम करत असताना.

काकू जाग्या झाल्या. डोळे न उघडताच म्हणाल्या, "काय हो. मेले नाही मी."

"माहीत आहे," काका म्हणाले. मनगट सोडलं. "उठलीस ना? झालं तर मग."

आणि खुर्ची वळवून त्यांनी पहिल्यांदा पाय आगीकडे पसरले. टोपी नाकावर ओढली आणि बघता बघता घोरायला लागले.

काकू त्यांच्याकडे बघत थोडा वेळ बसल्या. मग उठून माझ्या हातातली गाडीची किल्ली मागू लागल्या. "पेटी आणते मी. बोटं आता चालतायत." दाराशी जाऊन वळल्या आणि माझी खुर्ची काकांच्या डोक्याशी सरकवली. "तू इथे बस गं तोवर. उठले की पहिलं विचारतील, कोण बसलं होतं."

मी चडफडत बसले. वरचा स्वेटर खाली-वर होत होता. तरी एकदा वाकून त्यांच्या नाकाखाली बोट धरलंच. चालू होता.